पेठांच्या जुन्या नावांवर मिस्ट्री कॅश: अंक कसे काढायचे, डबी कुठे ठेवायची?

बोळातला_वाटाड्या

पुण्याच्या पेठांची जुनी नावं घेऊन जिओकॅशिंगची एक मिस्ट्री कॅश करायची आहे, म्हणजे जीपीएसने शोधायची लपवलेली डबी, जिचे अक्षांश-रेखांश कोडं सोडवून मिळतात. कच्चा आराखडा असा.

वाराच्या सात पेठा म्हणजे आयते सात अंक. रविवार १, सोमवार २, असं करत शनिवार ७. कसब्याला वार नाही, म्हणून ०. कॅशच्या संकेतस्थळावरच्या पानावर मात्र वार लिहायचा नाही, जुनं नाव द्यायचं: मलकापूर म्हणजे रविवार, शहापूर म्हणजे सोमवार, अष्टापूर मंगळवार, मोहियाबाद बुधवार, वेताळ पेठ गुरुवार, विसापूर शुक्रवार आणि मुर्तजाबाद शनिवार. अंश आणि पूर्ण मिनिटं उघड द्यायची, अक्षांश एन १८° ३१ आणि रेखांश ई ०७३° ५१. दशांशानंतरचे तीन-तीन अंक या नावांतून काढायचे. पानावरचा दर्शनी बिंदू (नकाशावर सगळ्यांना दिसणारा, डबी तिथे नसते) शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात.

अडचणी तीन. ८ आणि ९ येतच नाहीत, त्यामुळे डबीची जागा आकड्यांच्या मर्जीवर. जुन्या नावांची यादी एका शोधात सापडते, म्हणजे कोडं दोन मिनिटांचं. आणि नावांची स्पेलिंगं पुस्तकागणिक बदलतात: मुर्तजाबाद, मुर्तुजाबाद, मुहियाबाद, मोहियाबाद.

डबीसाठी वेताळ टेकडी डोक्यात आहे. गुरुवार पेठेचं मूळ नाव वेताळ पेठ, तेव्हा दुवा छान जुळतो. पेठांच्या आत डबी ठेवायला धजावत नाही. अनुभवी मंडळींनी आराखडा फाडून काढावा.

---

गणिती_गुंडाळी

८-९ चा प्रश्न आणि स्पेलिंगचा प्रश्न एकाच फटक्यात सुटतो. कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देण्याची जुनी पद्धत, वापरा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: क ते झ म्हणजे १ ते ९ आणि ञ ०. ट ते ध म्हणजे १ ते ९ (ट१ ठ२ ड३ ढ४ ण५ त६ थ७ द८ ध९) आणि न ०. प फ ब भ म म्हणजे १ ते ५. य१ र२ ल३ व४ श५ ष६ स७ ह८, आणि ळ ला ९. सुटा स्वर आला तर ०. अनुस्वार, काना, मात्रा, वेलांटी यांना किंमत नाही. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन मोजायचं. आलेले अंक उलटे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्ता रागांचे क्रमांक याच पद्धतीने नावात दडवलेले असतात: मेचकल्याणी, पहिली दोन अक्षरं म५ च६, उलटं ६५, आणि तो राग ६५वाच आहे. पद्धत बरोबर कळली की नाही हे तपासायला सोडवणाऱ्याला हे एक उदाहरण पुरतं.

आता गंमत बघा. पुणे: प१ ण५, उलटं ५१. पेठांच्या भागाची रेखांशाची मिनिटं ५१च आहेत. पूल: प१ ल३, उलटं ३१. शनिवारवाड्याच्या आसपास अक्षांशाची मिनिटं ३१. म्हणजे मिनिटंसुद्धा उघड द्यायची गरज नाही. "पुण्यात पूल ओलांडायचा नाही, वाचायचा" अशी एखादी ओळ टाकली की काम झालं. सोडवणाऱ्याचे ५१ आणि ३१ आले की त्याला लगेच कळतं की आपण योग्य रस्त्यावर आहोत, आणि ते नकाशावर पडताळताही येतात.

पुढे जुनी नावं.
मलकापूर: ५ ३ १ १ २, उलटं २११३५, शेवटचे तीन १३५.
शहापूर: ५ ८ १ २, उलटं २१८५, शेवटचे तीन १८५.
म्हणजे एन १८° ३१.१३५, ई ०७३° ५१.१८५. हा बिंदू शनिवारवाड्याच्या पश्चिमेला, शनिवार पेठेतच पडतो.

जागा आधी ठरवा, शब्द नंतर. शब्दातून आलेला आकडा आणि खऱ्या जागेचा आकडा यांतला फरक पानावर सरळ लिहायचा: "एन मध्ये अमुक मिळवा, ई मधून तमुक वजा करा". फरकसुद्धा शब्दात देता येतो. समजा ५५ हवेत, तर "मामा". लोकांना असलं आवडतं.

सगळ्यात मोठा फायदा हा की मात्रांना किंमत नाही. मुर्तजाबाद लिहा की मुर्तुजाबाद, मोहियाबाद की मुहियाबाद, शहापूर की शाहपुरा, उत्तर तेच. तुमच्या स्पेलिंगच्या दुखण्यावर याहून सोपा उतारा नाही.

---

जुनी_पाटी

वरची कल्पना झकास आहे, पण स्पेलिंगचं दुखणं सगळं बरं होत नाही. दोन नावं सरळ घात करतात.

मोहियाबाद काही ठिकाणी "मोह्याबाद" असं छापलेलं सापडतं. तिथे ह्या हे जोडाक्षर झालं, ह गळला, आणि ८३१८५ च्या जागी ८३१५ आले. अष्टापूरचं तर आणखी वाईट: "अष्टा" मध्ये ट म्हणजे १, "अस्ता" लिहिलं की त म्हणजे ६. २११० आणि २१६० यांत दशांशाच्या जागेवर ५० चा फरक, म्हणजे अक्षांशात नव्वदेक मीटर. ही दोन नावं कोड्याच्या कण्यात घेऊ नका. मलकापूर, शहापूर, विसापूर या तिन्हींत जोडाक्षरच नाही. मुर्तजाबादमध्ये आहे, पण र्त कसाही लिहिला तरी त च मोजला जातो, तेव्हा तेही सुरक्षित.

आता इतिहासाकडे. पेठ वसल्याची सालं कोड्यात बिलकुल घालू नयेत. एकाच पेठेची दोन-तीन सालं वेगवेगळ्या पुस्तकांत मिळतात, आणि सोडवणारा ज्या पुस्तकावर पोचेल तेच खरं मानून तुमच्याशी भांडेल. साल हवंच असेल तर ज्यावर वाद नाही असं घ्या: शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. मंडई १८८६ ची, तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावाने रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई.

नामांतराच्या जोड्या वाराच्या पेठांबाहेरही भरपूर आहेत. नाना पेठ म्हणजे आधीची हनुमान पेठ. रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी. गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली, पण पत्ता सांगताना लोक अजून गंज पेठच म्हणतात. कॅम्पातला मेन स्ट्रीट महात्मा गांधी रस्ता झाला. पुलांच्या बाबतीत जपून: लॉइड ब्रिज, नवा पूल आणि शिवाजी पूल ही एकाच पुलाची तीन नावं आहेत, आणि लकडी पुलाचं सरकारी नाव संभाजी पूल आहे. "पुलाचं जुनं नाव" असा प्रश्न टाकला तर दोन प्रामाणिक उत्तरं येतात. "शनिवारवाड्याजवळचा, गव्हर्नरच्या नावाचा पूल" असं विचारलं तर एकच.

जुनं नाव पानावर आयतं देऊ नका, ही माझी मुख्य सूचना. सोडवणाऱ्याला जागा द्या. जागेवरून पेठ, पेठेवरून जुनं नाव. मग एका शोधात काम होत नाही, आणि माणूस नकाशा उघडून पेठांच्या हद्दी बघतो, जो या कॅशचा खरा उद्देश आहे. पेठेच्या मधोमध असलेल्या, वाद नसलेल्या जागा घ्या:

बोहरी आळी: रविवार. त्रिशुंड गणपती, नागेश्वर: सोमवार. कमला नेहरू रुग्णालय: मंगळवार. तांबडी जोगेश्वरी, पासोड्या विठोबा: बुधवार. फुले मंडई: शुक्रवार. तांबट आळी: कसबा.

टाळायच्या जागा: शनिपार शनिवार पेठेत नाही, आणि बाहेरगावचा प्रत्येक सोडवणारा तिथे फसणार. मुद्दाम सापळा म्हणून ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग कोड्याची डिफिकल्टी (काठिण्याचा पानावरचा अंक) ०.५ ने वाढवा. मेट्रोचं स्थानकही घेऊ नका: आराखड्यात ते "बुधवार पेठ" होतं, चालू झालं ते "कसबा पेठ" नावाने. पिनकोडावरून पेठ ठरत नाही, ४११०३० मध्ये सदाशिव, नारायण आणि शनिवार तिन्ही येतात. आणि दुकानाच्या पाटीवरची पेठ हा पुरावा धरू नका. हद्दीवरची दुकानं आपल्याला शोभेल ती पेठ लिहितात.

पाट्या वाचायला लावणार असाल तर चौकाच्या पाट्या नकोत. निवडणुका झाल्या की पाटी बदलते, आणि नव्या पाटीवर चौकाच्या नावापेक्षा "संकल्पना" कोणाची ते मोठं असतं. नीलफलक (ऐतिहासिक वास्तूंवरचे निळे फलक) जास्त टिकतात, पण वाडा पाडून इमारत उभी राहिली की फलक कुठल्या भिंतीवर परत लागेल, किंवा लागेलच का, याचा नेम नसतो.

---

अक्षांश१८

गणिती_गुंडाळी, तुमच्या उदाहरणात एक भोक आहे. शहापूर २१८५ आणि मोहियाबाद ८३१८५. दोघांचे शेवटचे तीन अंक १८५च. म्हणजे सोमवारऐवजी चुकून बुधवार पेठ पकडणाऱ्यालाही बरोबर उत्तर मिळणार. श आणि म दोन्ही ५, प आणि य दोन्ही १, त्याचा हा परिणाम. शहापूर काढा, विसापूर घ्या: ४ ७ १ २, उलटं २१७४, शेवटचे तीन १७४. हे बाकी कुठल्याच नावाशी जुळत नाही.

मग नमुन्याचा बिंदू एन १८° ३१.१३५, ई ०७३° ५१.१७४ होतो. सगळ्या पंधरा अंकांची बेरीज ५०. ही बेरीज पानावर द्यायची पद्धत आहे, पण इथे तिच्यावर भिस्त ठेवू नका. कटपयादीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अंक उलटायला विसरणं. न उलटता ५३१ लिहिलं तरी बेरीज तीच, ४७१ लिहिलं तरी तीच. आणि ३१.५३१ वर गेलेला माणूस पाऊण किलोमीटर उत्तरेला, थेट नदीपलीकडे उभा असेल. तेव्हा साधी बेरीज न देता क्रमांकाने गुणून द्या: दशांशानंतरच्या सहा अंकांना डावीकडून १ ते ६ ने गुणायचं. १३५१७४ साठी १ + ६ + १५ + ४ + ३५ + २४ = ८५. उलटलेल्या ५३१४७१ साठी ५ + ६ + ३ + १६ + ३५ + ६ = ७१. चूक लगेच पकडली जाते. फरक मिळवून अंतिम अंक बदलतील, तेव्हा ही बेरीज अंतिम अंकांवरच काढायची हे विसरू नका. वाटाड्यांचे वारांचे अंकही वाया घालवू नका, हिंटमध्ये द्या: "दोन वारांची बेरीज ७". रविवार १, शुक्रवार ६.

शिवाय संकेतस्थळाचा चेकर (काढलेले आकडे बरोबर आहेत का ते सांगणारी सोय) चालू ठेवा. तो नसेल तर लोक चुकीच्या जागी जाऊन भिंती चाचपतात, आणि पेठांमध्ये भिंत चाचपणं परवडत नाही. पाट्या लावणारं गाव आहे हे, "येथे डबी शोधू नये" अशी पाटी आठवड्यात लागेल.

वेताळ टेकडी विसरा. मिस्ट्री कॅशची अंतिम जागा दर्शनी बिंदूपासून ३.२ किलोमीटरच्या आत लागते. शनिवारवाड्यापासून टेकडीचा माथा सरळ रेषेत चार किलोमीटरच्या घरात आहे. दर्शनी बिंदू डेक्कनच्या बाजूला सरकवला तर नियमात बसेल, पण मग पेठांची कॅश पेठांबाहेरून सुरू होते, त्याला अर्थ नाही. पर्वती अंतरात बसते, अडीच-पावणेतीन किलोमीटर, पण तिथे देवस्थानाची जमीन आहे, लेखी परवानगीशिवाय नको.

मोजमापाबद्दल. आपल्या अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७६ मीटर. बोळात दोन्ही बाजूंना तीन-चार मजले असले की फोनचं जीपीएस भिंतींवरून परावर्तन खातं आणि १५-२० मीटर सहज भटकतं. डबीच्या जागी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी निदान तीन वाचनं घ्या, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं फोन स्थिर ठेवून. एखादं बाकीच्यांपासून फार लांब पडलं तर ते टाका, उरलेल्यांची सरासरी काढा आणि उपग्रह चित्रावर ताडून पाहा. वाचन आणि चित्र यांत १० मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चित्रावर विश्वास ठेवा.

आणि पानावर ठळक लिहा की आकडे दशांश मिनिटांत आहेत. ३१.१३५ ला ३१ मिनिटं १३.५ सेकंद समजणारे निघतातच, आणि ते १६५ मीटर उत्तरेला जाऊन डबी नाही म्हणून नोंदवतात.

---

डबी_आणि_दोरा

कोड्यावर एवढी चर्चा, डबीवर कोणीच नाही. पेठांच्या कॅशा डबीमुळे मरतात, कोड्यामुळे नाही.

आधी कुठे नको ते. विजेच्या डीपीला चुंबक लावू नका, जिवावर बेतेल. एटीएम, पोलीस चौकी, देवळाचा आवार, शाळेचं कुंपण, संरक्षित स्मारकाची भिंत: नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झालेले आहेत. या शहरात गर्दीच्या ठिकाणी बेवारस डबी सापडली तर पोलीस बोलावले जाणारच, आणि ते योग्यच आहे. डबी पारदर्शक, आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसेल अशी. बाहेरून मराठीत चिठ्ठी: "हा जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा भाग आहे. आत फक्त सह्यांचा कागद आहे." इंग्रजी लेबल कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वाचता येत नाही, आणि पहिल्यांदा डबी त्यालाच दिसणार आहे.

नदीकाठ सुंदर वाटतो, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि पात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. पात्राच्या पातळीवर लावलेली डबी पहिल्याच पावसाळ्यात मुंढव्याकडे रवाना.

मग कुठे? ओळखीच्या सोसायटीच्या किंवा वाचनालयाच्या कुंपणाची बाहेरची बाजू, फूटपाथवरून हात पोचेल अशी, कमिटीच्या लेखी परवानगीने. वॉचमनला सांगून ठेवायचं. दुकान घेऊ नका: धंद्याची जाहिरात होईल किंवा आत जावं लागेल अशी कॅश मंजूर होत नाही.

डबी म्हणून फिल्म रोलची डबी वापरू नका, तिचं झाकण आपल्या पावसात आठ दिवस टिकत नाही. प्लास्टिकच्या बाटलीची फुगवण्याआधीची नळी मिळते, जाड भिंतीची, बाटलीचंच आट्यांचं झाकण असलेली. तोंडाचं आतलं माप २ सेंमीच्या थोडं वर असतं. कागदाची पट्टी ७ सेंमी रुंद, गुंडाळी दीड सेंमीपेक्षा जाड नको, नाहीतर बोटांनी निघत नाही आणि लोक काडीने खेचून फाडतात. गुंडाळीला दोरा बांधून त्याचं टोक वर ठेवा. पट्टी लहान झिप पिशवीत, सोबत १ ग्रॅमची सिलिका जेलची पुडी. दर पावसाळ्याआधी पुडी बदला. शाई पसरते, म्हणून पेन्सिल, तीही अर्ध्या लांबीची.

चुंबक लावायचं तर १५ मिमी व्यासाच्या निओडिमियमच्या दोन चकत्या, एपॉक्सीने. चकतीवरचा निकेलचा थर टवका उडून गेला की आतलं चुंबक गंजून भुगा होतं, म्हणून चकती पूर्ण एपॉक्सीत बुडवा, नुसती चिकटवू नका. एपॉक्सी लावण्याआधी नळीचा तो भाग सँडपेपरने खरवडा. गुळगुळीत प्लास्टिकवर ते उन्हाळ्यात सुटतं.

वेळापत्रक. गणेशोत्सवात मांडवांमुळे निम्मे बोळ बंद, त्या दिवसांत कॅश तात्पुरती बंद ठेवा. आषाढी वारीत पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, डबी त्या बाजूला असेल तर तेव्हाही. मांडवाच्या खांबाआड गेलेली डबी मांडव उतरताना भंगारात जाते.

---

सातपेठी

कटपयादीला माझा थोडा विरोध आहे. बाहेरच्या देशातून आलेले कॅश शोधणारे पान भाषांतरातून वाचतात. पुण्याची जुनी नावं त्यांना इंग्रजीत सापडतील, पण "मलकापूर" मधला प कुठल्या ओळीत मोजायचा हे त्यांना कसं कळणार? उत्तर त्यांच्या आवाक्यातच नसेल तर ती कॅश फक्त आपल्या आपल्यातली राहते.

दुसरं, नावं सातच आहेत. त्यातून दोन क्रमाने निवडायची तर ७ × ६ = ४२ जोड्या. पद्धत कळलेला माणूस इतिहासाला हात न लावता बेचाळीस बिंदू काढून चेकरमध्ये एकेक टाकेल.

---

गणिती_गुंडाळी

पहिल्या मुद्द्यावर: मिस्ट्री कॅश पानावरच्या आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवरून, मालकाला न विचारता सुटली पाहिजे. कटपयादीचा तक्ता सार्वजनिक आहे, आणि पानावर देवनागरी अक्षरांचाच तक्ता चित्र म्हणून टाकला तर अक्षर ओळखता न येणाराही आकार जुळवून मोजू शकतो. फक्त तक्त्यावर "कटपयादी" हे नाव लिहू नका, म्हणजे शोधायला काहीतरी उरतं. पद्धत मेचकल्याणीच्या उदाहरणावरून कळते. तक्ता मजकुरात टाइप करू नका, यंत्रभाषांतर एकेका अक्षराचं काहीही करतं.

४२ जोड्यांचं खरं आहे. उपाय तिसरं नाव. एन साठी मलकापूर, ई साठी विसापूर, आणि फरक म्हणून उघड आकडा न देता तिसऱ्या पेठेचं नाव. मुर्तजाबाद: ५ ६ ८ ३ ८, उलटं ८३८६५. त्याचे शेवटचे दोन ६५ घेऊन एन मध्ये मिळवा, ई मधून वजा करा. १३५ + ६५ = २००, १७४ − ६५ = १०९. एन १८° ३१.२००, ई ०७३° ५१.१०९. जोड्या ४२ च्या २१० होतात, आणि चेकर थोड्या वेळात ठरावीकच प्रयत्न घेतो, म्हणजे ठोकताळ्याने सोडवणं कंटाळवाणं होतं. बंद होत नाही, पण तेवढा वेळ घालवणाऱ्याला सही करू द्यावी.

---

बोळातला_वाटाड्या

धन्यवाद मंडळी. शहापूर काढलं. मलकापूर, विसापूर, मुर्तजाबाद असा सांगाडा ठरला. जागा बोहरी आळी आणि "गव्हर्नर रे यांचं नाव असलेला बाजार". तिसऱ्या पेठेसाठी १७३० चा पाया. डबी सोसायटीच्या कुंपणाला, फूटपाथच्या बाजूने. नमुन्याच्या आकड्यांपेक्षा खरी जागा अर्थातच वेगळी असेल, तेवढा आणखी एक फरक उघड देईन. डिफिकल्टी ३ आणि टेरेन (जागेवर पोचणं किती कठीण त्याचा अंक) १.५ देतो आहे.

दोन प्रश्न उरले. रिव्ह्यूअरला, म्हणजे कॅश तपासून मंजूर करणाऱ्याला, मराठी येत नसेल तर? आणि नामांतराचा इतिहास पानावर किती लिहावा?

---

अक्षांश१८

रिव्ह्यूअरसाठीच्या टिपेत इंग्रजीत पूर्ण उत्तर लिहा: कुठली जागा, कुठली पेठ, कुठलं जुनं नाव, प्रत्येक अक्षराचा अंक, उलटलेला आकडा, फरक, अंतिम बिंदू. सोबत परवानगी कोणी दिली ते आणि डबी लावलेल्या जागेचा फोटो. अंतिम बिंदू वेपॉइंट (पानाला जोडलेला नकाशावरचा बिंदू) म्हणून टाका आणि तो लपवलेला ठेवा. नजरचुकीने उघडा राहिला तर कोडं पहिल्याच दिवशी संपतं. बोहरी आळी आणि मंडई हे वेपॉइंट टाकायचे असतील तर आभासी (जिथे डबी नाही असे) म्हणून टाका, म्हणजे १६१ मीटरच्या अंतराच्या नियमात ते धरले जात नाहीत. डबी मात्र दुसऱ्या कुठल्याही कॅशच्या डबीपासून १६१ मीटर लांब हवी, आणि त्यात कोणाच्या मिस्ट्रीची न दिसणारी डबीही आली. म्हणून कुंपणाला भोक पाडण्याआधी रिव्ह्यूअरला नुसते अंतिम आकडे पाठवून जागा मोकळी आहे का ते विचारून घ्या.

टेरेन १.५ ठीक. १ फक्त चाकाच्या खुर्चीवरून सही करता येत असेल तरच, आणि पेठेतला फूटपाथ त्या परीक्षेत बसत नाही.

---

जुनी_पाटी

इतिहास चार-पाच ओळी लिहा आणि थांबा. कोणतं नाव आधी, कोणतं नंतर, एवढंच. नाव बदलणं बरोबर की चूक यावर एक शब्दही नको: राजकीय किंवा धार्मिक मत मांडणारं पान मंजूर होत नाही, आणि झालं तरी लॉगमध्ये (शोधणाऱ्यांच्या पानावरच्या नोंदींत) भांडणं लागतात. मोहियाबाद तुमच्या सांगाड्यात नाही हे त्या दृष्टीनेही बरंच झालं. ते नाव औरंगजेबाच्या काळातलं, १७०३ चं. एकदा ते पानावर आलं की कोड्यापेक्षा त्याचीच चर्चा जास्त होईल.

१७३० च्या पायाचं वाक्य जरा घट्ट करा. "१७३० मध्ये पाया घातलेला वाडा ज्या पेठेत आहे ती पेठ" असं लिहा, "बाजीरावाचा वाडा" नको. विश्रामबागवाडाही बाजीरावाचाच, फक्त दुसऱ्या.